कानात कापूस घालणारी दादी

नऊ नंबरच्या वहीत मागची वीस-पंचवीस पानं कोरी राहिली. कोरा कागद वाया घालवायचा नाही ही माझी सवय आहे, म्हणून त्या पानांवर मोहिनी दादीबद्दल लिहितो. मोहिनी हे तिचं खरं नाव नाही. पुढे सुमन येईल, तेही खरं नाही. एवढं आता मला कळतं.

मी तिसरी शिकलेला माणूस. चौथीत नाव होतं, पण बसलो नाही, म्हणून तिसरीच धरतो. वाचायला शाळेत शिकलो, लिहायला कारखान्यात. अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, त्यातली बावीस ड्रमांवर ब्रशने मालाचं नाव आणि नंबर घालण्यात. ब्रश घसरला तर सगळं पुसून परत घालावं लागे, त्यामुळे हात सावकाश आणि अक्षर सरळ. साहेब लोक विचारायचे, कोणत्या हायस्कुलात होता म्हणून. हे फुशारकीसाठी सांगत नाही. पुढे जे झालं त्यात या अक्षराचाही वाटा आहे.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये भाड्याच्या खोलीत राहायचो. समोर फाळणीत आलेल्या सिंधी लोकांच्या बॅरकी, लांबट चाळी. कोपऱ्यावरच्या बॅरकीत, पुढच्या खोलीत दादीचा टेलिफोन. पिवळी पाटी, काचेची केबिन, बाहेर टेबलावर लाल आकड्यांचं मीटर. सिंधी लोक मोठ्या बहिणीला दादी म्हणतात. आमच्या गल्लीत मराठी, गुजराती, यूपीवाले, सगळेच तिला दादी म्हणायचे, तिच्यापेक्षा म्हातारे लोकसुद्धा. हाडापेराने मोठी बाई. ओढणी डोक्यावर कधी ठरायची नाही. नवरा लवकर गेला होता, त्याबद्दल ती बोलायची नाही आणि कोणी विचारलं तर पापड भाजायला उठायची. कोणीही आलं की पापड आणि पाणी. उन्हातून आलेला हवालदार असो की भंगारवाला, पापड एकाच मापाचा.

केबिनच्या दाराची बिजागरी पहिल्याच वर्षी गेली. दादीने तीनदा बसवून घेतली, तीनदा दार लोंबलं. आत माणूस बोलला की बाहेर सगळं ऐकू यायचं. मग तिने टेबलावर पावडरच्या रिकाम्या डब्यात कापूस ठेवला. गिऱ्हाईक आत गेलं, नंबर लागला, की ही दोन बोळे करून कानांत घालायची आणि रस्त्याकडे तोंड करून बसायची. बोलणं संपलं की गिऱ्हाइकाने टेबलावर टकटक करायची. मग कापूस काढायचा, पावती फाडायची. पावतीवर लावलेला नंबर छापून यायचा. ती पावती हातात देऊन म्हणायची, "आता तुझ्या हाताने फाड." कोणी नाही फाडली तर स्वतः चार तुकडे करून पाण्याच्या बादलीत टाकायची.

गल्लीतला टेलर तिला चिडवायचा. "दादी, सुक्या कापसातून ऐकू येतं. ओला करून घालत जा."

"तुझं काय ऐकायचं? रोज त्याच बाईला तेच खोटं बोलतो."

"बघा, म्हणजे ऐकते."

"तोंड बघून कळतं रे. त्याला कान नाय लागत."

तिची मराठी अशीच होती. माझ्या बायकोकडून शिकली होती आणि हिंदीत कालवून वापरायची. एक वाक्य तिच्या तोंडात कायम असे, "फोन माझा, बात तुझी." कोणी गल्लीतलं काही विचारायला आलं, कोणाच्या मुलीला कुठून फोन येतो, कोणाचा जावई दुबईहून काय म्हणाला, की हेच वाक्य, आणि पापड.

एकदा वरून हुकूम आला की टेलिफोनवाल्यांनी वही ठेवायची. कोण आला, कोणाला फोन लावला, नावपत्त्यासकट. दादीने वही आणली. आठ दिवसांनी हवालदार बघायला आला तेव्हा मी तिथेच उभा होतो. वहीत लिहिलं होतं, एक आदमी. एक बाई. एक बाई. दोन आदमी. एक आदमी, जाडा.

"दादी, हे काय आहे?" हवालदार म्हणाला.

"आदमी आला, आदमी लिहिला."

"नाव कुठे?"

"विचारलं नाय. तो फोन करायला आला, सोयरीक करायला नाय."

"आणि हा जाडा?"

"तो जाडाच होता, साहेब."

हवालदार हसला, पापड खाल्ला, पाणी प्यायला आणि गेला. त्या काळी असं चालून जायचं. मला मात्र हे पटलं नव्हतं. मी जन्मात विनातिकीट बसलो नाही, कारखान्यात एक खिळा खिशात घातला नाही. मी तिला म्हणालो, "हुकूम म्हणजे हुकूम. पाळायचा नसेल तर दुकान बंद कर."

ती म्हणाली, "भाऊ, तू ड्रमवर नाव लिही. माणसावर नको लिहू."

माझा थोरला भाऊ गेला तेव्हाची गोष्ट. आमचं गाव वांगणीच्या पुढे, डोंगराकडे. गावच्या सरपंचाने दादीच्या नंबरवर फोन केला आणि निरोप दिला. दादी ओढणी घेऊन निघाली. गल्लीत सातआठ जणांनी तिला अडवलं, कारण दुकान उघडं टाकून ती कधी जायची नाही. तिने कोणालाही सांगितलं नाही. माझ्या घरावरून गेली, पण माझ्या बायकोलासुद्धा सांगितलं नाही. रिक्षा करून अंबरनाथला कारखान्याच्या गेटवर आली. गेटवाल्याने विचारलं, काय काम आहे. ही म्हणाली, त्यालाच सांगीन. त्याने नाव लिहून घेतलं, तासभर उन्हात उभी केली. मी हात पुसत बाहेर आलो तर वैतागलोच होतो, बाई माणूस गेटवर कशाला आली म्हणून. ती मला गेटपासून लांब, झाडाखाली घेऊन गेली आणि तिथे सांगितलं.

नंतर माझी बायको रागावली. म्हणाली, "दादी, माझा दीर होता तो, मला दारात सांगायचं ना."

दादी म्हणाली, "भाऊ त्याचा. पहिला त्याला कळायला पाहिजे. तुला अगोदर सांगितलं तर तो गल्लीत येईपर्यंत सगळे त्याच्याकडे बघणार, आणि त्याला माहीतच नाय की का बघतात."

भावाच्या मागे वहिनी आणि तीन महिन्यांची मुलगी राहिली. ती सुमन. पुढे शाळेसाठी ती आमच्याकडेच कॅम्प चारला राहिली.

मोबाइल आले आणि पिवळी पाटी उतरली. दादीने केबिन भंगारात दिली आणि रिचार्ज, कव्हर, चार्जर असं ठेवायला लागली. गल्लीतल्या बायका तिच्याकडे फोन शिकायला यायच्या. कुलूप कसं लावायचं ते ती शिकवायची, आणि बाई आकडे घालायला लागली की खुर्ची भिंतीकडे फिरवायची. कोणी म्हणालं, "अगं दादी, बघितलंस तरी काय होतंय," तर म्हणायची, "मला माहीत नाय, तर मला कोण विचारणार?" कोणाकोणाच्या घरातल्या गोष्टी तिच्या फोनवर येत असतील ते मला माहीत नाही. येत होत्या एवढं खरं. मार खाणाऱ्या, सासरहून निघालेल्या, मुलीचं शिक्षण नवऱ्यापासून लपवणाऱ्या. मी दुकानात शिरलो की बायका गप्प व्हायच्या.

मुलाने बदलापूरला, खरवईत फ्लॅट घेतला आणि आम्ही कॅम्प सोडला. बायको तिथे दोन वर्षं राहिली आणि गेली. मी दर गुरुवारी दादीकडे यायचो. मला फोन तिनेच शिकवला. मेसेज कसा जातो ते समजावलं. म्हणाली, "चिठ्ठी पेटीत बंद होऊन जाते. चावी तुझ्या फोनमध्ये आणि माझ्या फोनमध्ये. मधला पोस्टमन पेटी उचलतो, पण त्याच्याकडे चावी नाय."

"कंपनीकडे?"

"कंपनीकडे पण नाय."

"सरकारकडे?"

"सरकारला तेच तर पाहिजे."

मी म्हणालो, "मग बिघडलं काय? ज्याच्या मनात चोर नाही त्याला कुलूप कशाला?"

"तुझ्या फ्लॅटला संडास आहे?"

"आहे."

"आतून कडी आहे?"

"आहे."

"आत बसून काय चोरी करतो?"

दुकानात दोन बायका होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मी चहाचा कप ठेवला आणि निघालो. दोन गुरुवार गेलो नाही.

त्यानंतर कधीतरी टीव्हीवर ती बातमी आली. सरकारने एक मसुदा काढला होता. कुलूपबंद मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाने ते साध्या, वाचता येतील अशा रूपात नव्वद दिवस जपून ठेवायचे आणि मागितले की दाखवायचे. मी मुलाला दोनदा विचारून खात्री केली. दुसऱ्या दिवशी बातमी आली की मसुदा मागे घेतला. मुलगा म्हणाला, "बाबा, झालं, विषय संपला."

मी म्हणालो, "मागे घेतल्याचं तुझ्याकडे लेखी आलंय का?"

"काढल्याचं तरी लेखी कुठे आलं होतं?"

"उगाच वाद घालू नको."

मी दोनशे पानी वही आणली. फोनमध्ये आलेला प्रत्येक मेसेज तिच्यात उतरवायला लागलो. नाव, तारीख, वेळ, मजकूर. सकाळी नातेवाइकांचे फुलांचे मेसेज यायचे तेही, 'गुलाबाचे चित्र, शुभ सकाळ' असे. नव्वद दिवसांनी वही टाकता आली असती, पण एवढं चांगलं लिहिलेलं टाकायला हात होत नव्हता. कारखाना सुटल्यापासून हाताला काम नव्हतं, हेही आहे.

दादीला सांगितलं तर ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "सगळी दुनिया लपवते, आणि हा बसून लिहितो." मग हसणं थांबवून म्हणाली, "माझे पण लिहितो?"

"सगळ्यांचे."

"माझे नको लिहू."

"तुझ्यात आहे काय? पापड आणि गुडघे."

"जे आहे ते. नको लिहू."

मी काही बोललो नाही. तिने त्याचा अर्थ हो असा घेतला. मी तिचेही लिहीत राहिलो, कारण एकाचे लिहायचे आणि एकाचे गाळायचे याला वही म्हणत नाहीत.

नंतर असल्या बातम्या येतच राहिल्या. मेसेज सर्वांत आधी कोणी पाठवला ते कंपनीने सांगितलं पाहिजे असा नियम झाला, कंपन्या म्हणाल्या की मग कुलूपच मोडावं लागेल, प्रकरण कोर्टात गेलं. प्रत्येक बातमीला मी दादीला म्हणायचो, "बघ, आलं परत." एकदा मी तिला चांगलं अडवलं होतं. म्हणालो, "पोरं पळवणारे आलेत अशा अफवांनी लोकांनी माणसं मारली. ती अफवा कोणी सोडली ते कळायला नको?"

तिने समोरचे चार्जर एका बाजूला सारले. मग म्हणाली, "कळायला पाहिजे. ते खरं आहे." आणि थोड्या वेळाने, "पण एक चोर पकडायला सगळ्या गावाच्या चाव्या मागतात, भाऊ. चोर मिळाल्यावर चाव्या परत कोण देतो?"

सुमनचं लग्न मीच जमवलं होतं, बदलापूरला. घर चांगलं, मुलगा नोकरीचा. पण तो हात उचलायचा. एकदा ती माझ्याकडे आली, गालावर वळ होता. मी म्हणालो, संसारात होतं असं. तिला जेवू घातलं आणि संध्याकाळी स्वतः परत नेऊन सोडली. जावयाने त्या दिवशी मेसेज केला, चूक झाली काका, पुन्हा नाही होणार. तो सहा नंबरच्या वहीत आहे.

दुसऱ्यांदा घर सोडलं तेव्हा ती माझ्याकडे आली नाही. पाच वर्षांच्या आरूला घेऊन कॅम्प चारला दादीकडे गेली. मला ते लागलं. सख्खा काका जिवंत असताना परक्या बाईकडे. पण ती माझ्याकडे आली असती तर मी काय केलं असतं तेही मला ठाऊक आहे.

दादीने तिला वांगणीत खोली बघून दिली, रोपांच्या नर्सरीत काम लावून दिलं. आरू तिथल्या बालवाडीत जायला लागली. दोन महिने मला पत्ता नव्हता. सुमनला पेशंट सांभाळण्याचा कोर्स करायचा होता, त्याला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता आणि तो माझ्या ट्रंकेत होता, म्हणून मला कळलं. दादीचे गुडघे तेव्हा उठू देत नव्हते. तिने मेसेज पाठवला. भाऊ, सुमन ठीक आहे. वांगणीला भातगिरणीच्या मागे, निळ्या दाराची खोली. दाखला नेऊन दे. कोणाला बोलू नको. वाचून पुसून टाक.

मी वाचला. वहीत उतरवला, तारीख घातली. 'वाचून पुसून टाक' हेही उतरवलं. मग फोनमधून पुसून टाकला. दोन्ही हुकूम पाळले.

दाखला घेऊन गेलो. सुमन दारात भांडी घासत होती. मला बघून आधी घाबरली. मग तिने चहा केला. आरूने मला बालवाडीत शिकलेलं गाणं अर्धं म्हणून दाखवलं आणि पुढचं आठवेना म्हणून परत पहिल्यापासून म्हटलं. निघताना सुमन म्हणाली, "काका, कोणाला सांगू नका हां."

"मी काय लहान पोर आहे?" मी म्हणालो.

जावई दर आठवड्याला खरवईला यायचा. पाया पडायचा, फळं आणायचा, सुमनचं काही कळलं का विचारायचा. मी नाही म्हणायचो. त्या दिवशी मुलगा आणि सून कामावर होते. वह्या शोकेसमध्ये लावलेल्या असतात, पाठीवर एक ते नऊ नंबर मी ब्रशने घातलेले. जावई म्हणाला, "काका, ही काय पुस्तकं आहेत?"

मी सांगितलं.

"म्हणजे सरकारने सांगितलेलं अख्ख्या बदलापुरात तुम्ही एकट्याने पाळलं."

"एकट्यानेच," मी म्हणालो.

त्याला एक नंबरची वही काढून दाखवली. तो पानं उलटत म्हणाला, "काय अक्षर आहे काका. छापल्यासारखं." मी चहा ठेवायला आत गेलो. आलं किसलं. बाहेर आलो तर नऊ नंबर त्याच्या मांडीवर होती. वाचणाऱ्याच्या हातातून वही ओढून घेणं मला बरं दिसेना. त्याने अर्धा चहा घेतला, पाया पडला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो भातगिरणीपाशी विचारत वांगणीच्या बालवाडीत गेला. वडील आहे म्हटल्यावर बाईंनी आरूला त्याच्याबरोबर पाठवली.

आम्ही चौकीत गेलो. कोणत्या ते लिहीत नाही. सुमन, दादी आणि मी. मी पिशवीत नऊच्या नऊ वह्या घेतल्या होत्या. जावयाचा तो चूक झाली काका वाला मेसेज दाखवायचा होता. वाटलं, आता एवढ्या वर्षांच्या लिहिण्याचं चीज होईल. जावई समोर बसलेला होता. आरू बाहेर त्याच्या आईच्या मांडीवर रडत होती, आवाज आत येत होता.

अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. त्याने सहा नंबरचं पान वाचलं. म्हणाला, "बाबा, हे तुम्ही लिहिलेलं आहे, त्याने नाही. असं तर कोणीही काहीही लिहील. याला पुरावा म्हणत नाहीत. मूळ मेसेज आहे का?"

मूळ मी कधीच पुसला होता. वहीत उतरवलं की पुसायचो, फोन भरतो म्हणून.

जावई म्हणाला, "साहेब, पण वह्या खऱ्या आहेत. मला पत्ता ह्यातूनच मिळाला." त्याने काही वाईट मनात ठेवून सांगितलं नाही. त्याला वाटलं माझी बाजू घेतोय.

अधिकाऱ्याने नऊ नंबर उघडून ते पान वाचलं. म्हणाला, "बाबा, चांगलं काम केलंत. सगळ्यांनी असं केलं तर आमचं अर्धं काम कमी होईल."

सुमनने माझ्याकडे बघितलं नाही. दादीने बघितलं. रागाने नाही. टेलरकडे बघायची तसंही नाही. केबिनचं दार तिसऱ्यांदा लोंबलं तेव्हा ती दाराकडे बघत उभी होती, तसं काहीतरी.

मग अधिकारी दादीकडे वळला. जावयाने तिच्यावर तक्रार दिली होती, बायकोला फूस लावून पळवली अशी. "आजी, फोन उघडून द्या. तुमचं-हिचं काय बोलणं झालं ते बघू, विषय मिटेल."

दादीने फोन टेबलावर ठेवला. "फोन घ्या. उघडणार नाय."

"लपवण्यासारखं काय आहे?"

"माझं काय नाय. याच्यात दुसऱ्या बायका आहेत."

"त्यांच्याशी आम्हाला काय करायचंय?"

"मग बघायचं कशाला?"

अधिकारी हसला. "कायदा येतोय आजी. मग तुम्हाला विचारावं पण लागणार नाही."

"येऊ द्या," दादी म्हणाली. "येईपर्यंत मी इथे बसते."

आणि ती खरंच बसली. बाकावर, गुडघे चोळत, साडेअकरा ते पाच. तिला चहा दिला, तिने घेतला. दोनदा परत विचारलं, दोनदा तिने नाही म्हणून मान हलवली. मी पिशवी मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसलो होतो. नऊ वह्यांचं वजन बरंच होतं, पण खाली ठेवायचं सुचलं नाही.

पाच वाजता जावई म्हणाला, "सुमन घरी येत असेल तर मी सगळं मागे घेतो. आजींची तक्रार पण." बाहेर आरू रडून रडून थकली होती, आता नुसते उसासे येत होते. सुमन उठली. दादीजवळ आली आणि म्हणाली, "दादी, माझ्यासाठी फोन उघडू नको हां. त्या सगळ्या तुझ्या भरवशावर आहेत." मग बाहेर गेली, आरूला कडेवर घेतलं आणि जावयाच्या मागे चालायला लागली.

घरी येऊन मी जेवलो. वही उघडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. फोन वाजायचा, मेसेज यायचे, तसेच पडून राहायचे. मुलगा म्हणाला, "बाबा, रडून घ्या." मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

त्यानंतर दादीने मला कधी मेसेज केला नाही. दहा-बारा दिवसांनी फोन आला. खोलीवाल्याला खोली रिकामी करून हवी होती, सामान काढायला तिला माणूस लागत होता. तिने मलाच का बोलावलं ते मी विचारलं नाही. बहुतेक दुसऱ्या कोणाला खोली दाखवायची नव्हती, आणि मला ती आधीच माहीत होती.

टेम्पो घेऊन गेलो. निळं दार ऊन लागून तापलं होतं. आत सामान थोडंच. स्टोव्ह, पाच भांडी, पाण्याची कळशी, भिंतीला आरूने खडूने काढलेलं घर, दोन गाद्या. कोर्सचा फॉर्म अर्धा भरलेला, त्याला माझ्याकडचा दाखला टाचणीने लावलेला. दादीने तो घडी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मी भांडी पोत्यात भरली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला, मेसेजचा आवाज. दादीने पर्समधून काढला, चष्मा लावला. वाचताना तिने पाठ माझ्याकडे केली आणि खिडकीपाशी गेली. बराच वेळ वाचत होती, म्हणजे लांब असणार. मी पोतं बांधायचं सोडून उभा राहिलो.

"सुमनचा आहे का?"

तिने बोटाने मेसेज वर सरकवला.

"काय लिहिते?"

दादीने एका बोटाने उत्तर लिहायला घेतलं. एक एक अक्षर शोधून, फोन छातीशी धरून. मी म्हणालो, "दादी, काय लिहिलंय ते नको सांगू. ती बरी आहे, एवढं तरी सांग."

तिने लिहून पूर्ण केलं. पाठवलं. मग आलेला मेसेज पुसला, पाठवलेलाही पुसला, चष्मा काढला आणि फोन पर्समध्ये ठेवून चेन लावली. खाली वाकून तिने गादीचं एक टोक उचललं.

"भाऊ," ती म्हणाली, "तिकडनं धर."